‘पुरात लागलं तवापासनं’: कृष्णाकाठच्या एका मुलीच्या सीलिएकचं प्रकरण

मुलगी चार वर्षांची. वजन ११.२ किलो, उंची ९१ सेंटिमीटर. या वयाला मुलीचं वजन साधारण १६ किलो आणि उंची १०२-१०३ सेंटिमीटर भरते. म्हणजे पोर नुसती बारीक नव्हती, खुंटलेली होती. दंड-मांड्या वाळलेल्या, नितंबांची कातडी सैल, पोट पुढे आलेलं, चेहरा पांढरा फटक आणि कमालीची किरकिर. २०२४च्या पावसाळ्याच्या तोंडाशी आई आणि आजी तिला घेऊन सांगलीला माझ्याकडे आल्या. गाव पलूसकडचं, नदीकाठचं. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बोलायला सुरुवात आजीने केली. “पुरात लागलं तवापासनं पोरगी अशीच हाय बघा. पोटात काय ठरतच न्हाई तिच्या.”

जुलै २०२१मध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा मुलगी तेरा महिन्यांची होती. सगळं घर वरच्या अंगाच्या गावात पाहुण्यांकडे जाऊन राहिलं. तिथे तिला उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, दोन दिवस सलाईन लावावं लागलं, आठवड्याभरात थांबले. पूर ओसरला, घर धुऊन झालं, माणसं परत आली. पोरीचं पोट मात्र पूर्वपदावर आलं नाही. महिन्यातून आठ-दहा दिवस संडास पातळ, एरवी भरपूर, फिकट आणि घाण वासाची. वजनाचा काटा हलेना.

सोबतची फाइल चांगली जाड होती. जंताचं औषध अनेकदा, जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीसाठीचा कोर्स दोनदा, झिंक, पोटातल्या चांगल्या जंतूंच्या पुड्या, महिनाभर दूध बंद करून लॅक्टोजविरहित पावडर, लोहाचं सिरप जवळपास कायमचं. मध्येच क्षयाची शंका येऊन छातीचा एक्स-रे आणि हातावरची टोचणी झालेली. सुदैवाने नुसत्या शंकेवर क्षयाची औषधं कुणी सुरू केली नव्हती. यातला एकही उपाय मूर्खपणाचा नव्हता. मोठ्या जुलाबानंतर आतड्याचं अस्तर सोललं जातं आणि काही आठवडे दुधातली साखर पचत नाही, हे खरं आहे. पुराच्या गावात जिआर्डिया असणं तर अगदीच शक्य. पण प्रत्येक कागदावरची पहिली ओळ तीच होती: ‘पुरानंतरचे जुलाब’. डॉक्टर बदलले तरी आजार कुठून सुरू झाला हे आधीच ठरलेलं असायचं, आणि सुरुवात ठरली की पुढचे प्रश्न आपोआप कमी होतात.

मी आईला विचारलं, या तीन वर्षांत कधी बरी होती का? तिने विचारही केला नाही. “मे महिन्यात. माझ्या माहेरी जतला गेलो की महिना-दीड महिना छान असते. तिथलं पाणी मानवतं तिला.”

आमच्याकडे पोटाच्या प्रत्येक तक्रारीचं खापर पाण्यावर फुटतं. पाणी बदललं, पाणी लागलं, पाणी मानवलं. पुराच्या गावाला तर ते म्हणण्याचा हक्कच आहे. पण जतला पाण्याखेरीज आणखी एक गोष्ट बदलत होती. आजोळी जेवायला शाळूची भाकरी, ताक, आमटी-भात. पलूसकडच्या घरी दोन्ही वेळा चपाती, सकाळी चहात बुडवून बिस्किटं, अंगणवाडीत गव्हाची लापशी, संध्याकाळी टोस्ट. “बिस्किटाशिवाय तिची सकाळच होत नाही,” आई कौतुकाने म्हणाली. खात नाही म्हणून निदान बिस्किटं तरी, असा तो हिशोब होता.

रक्ताच्या तपासण्या पाठवल्या. हिमोग्लोबिन ७.४, पेशी लहान आणि फिकट, लोहाचा साठा तळाला. लोहाचं सिरप वर्षभर पोटात जाऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर सिरपची कंपनी बदलण्याआधी ते शोषलं जातंय का हे बघायला हवं. लोह मुख्यत्वे लहान आतड्याच्या पहिल्या भागात शोषलं जातं, आणि सीलिएकमध्ये, म्हणजे गहू न सोसणाऱ्या आतड्याच्या आजारात, सर्वाधिक मार तिथेच बसतो. टीटीजी-आयजीए ही सीलिएकची प्रतिपिंडं २०च्या खाली हवीत, तिची २००च्या वर, म्हणजे यंत्राच्या मोजमापाबाहेर होती. सोबत एकूण आयजीएही, म्हणजे या जातीच्या सगळ्या प्रतिपिंडांचं मोजमापही, पाठवलं होतं, ते नॉर्मल आलं. ही जोडतपासणी खर्चामुळे अनेकदा गाळली जाते. ती गाळू नये, कारण काही मुलांच्या शरीरात आयजीए तयारच होत नाही आणि त्यांची टीटीजी खोटी ‘नॉर्मल’ दिसते.

रिपोर्ट ऐकताच आजी म्हणाल्या, आजच्या आज गहू बंद. त्यांना थांबवावं लागलं. गहू बंद केला की प्रतिपिंडं उतरू लागतात, अस्तर भरून येऊ लागतं, आणि मग पुढची कोणतीही तपासणी धड उत्तर देत नाही. निदान पक्कं होईपर्यंत चपाती चालूच ठेवायची, हे सांगताना कुणाही पालकाच्या चेहऱ्यावर डॉक्टरबद्दल शंका दिसतेच.

युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही प्रतिपिंडांची दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर दुर्बीण न घालताही निदान करता येतं. इथे मात्र मी दुर्बिणीचा आग्रह धरला. एकत्र कुटुंब, घरात नऊ माणसं, गहू आयुष्यभरासाठी बंद करायचा. “एका रक्ताच्या कागदावर पोरीची चपाती तोडली” असं उद्या कुणी म्हणालं, तर आईच्या हातात पक्का पुरावा हवा. मिरजेत दुर्बिणीने लहान आतड्याचे तुकडे काढले. अन्नरस शोषणारे केसासारखे उंचवटे पूर्ण सपाट झालेले होते. अस्तराचं नुकसान मोजायच्या पट्टीवर मार्श ३सी.

आता आईचा प्रश्न आला. तिने तो आजी बाहेर गेल्यावर विचारला. “डॉक्टर, मग हे त्या जुलाबानंच झालं ना? आम्ही दोन दिवस आधी वर गेलो असतो तर?” आणि मग दबक्या आवाजात, लसीचं कार्ड पुढे करून, “रोटाचा एकच डोस झालाय. तेव्हा लॉकडाऊन होतं, घरातून बाहेर पडायची भीती होती.”

रोटाव्हायरसची लस महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात २०१९मध्ये आली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडावाटे देतात. मुलीचा जन्म जून २०२०चा, म्हणजे तिचे डोस नेमके कोविडच्या पहिल्या लाटेत सापडले.

प्रश्न साधा होता आणि त्याला ‘नाही हो, तसं काही नसतं’ असं उत्तर देऊन वेळ मारून नेता आली असती. पण ते खरं उत्तर नाही.

विषाणूवरचा आरोप कितपत टिकतो

सीलिएकमध्ये गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनावर शरीराचीच संरक्षणव्यवस्था उठते आणि त्या भांडणात आतड्याचं अस्तर उद्ध्वस्त होतं. गव्हाचा संबंध ओळखला डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी, १९४०च्या दशकात. हा आजार होण्यासाठी एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं जवळपास अनिवार्य आहेत. पण ही जनुकं लोकसंख्येतल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांत सापडतात, त्यातले बहुतेक जण गहूही खातात, आणि आजार होतो तो त्यांच्यातल्या मूठभरांनाच. जनुकं आणि गहू या दोघांच्या पलीकडे तिसरं काहीतरी असलं पाहिजे, ही शंका म्हणून जुनी आहे. त्या तिसऱ्या जागेवर सर्वात जास्त बोट दाखवलं गेलं ते बाळपणीच्या विषाणूंकडे.

पुरावा तीन-चार बाजूंनी येतो. २०१७मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रिओव्हायरसचे दोन प्रकार घेतले. दोन्ही आतड्यात शिरतात, दोन्हींना शरीर हुसकावून लावतं. पण एका प्रकाराने जाता जाता आतड्याच्या पहारेकऱ्या पेशींची घडी विस्कटली. एरवी या पेशी अन्नातली प्रथिनं ‘आपली’ म्हणून सोडून देतात. त्या काळात पोटात आलेलं ग्लुटेन त्यांनी शत्रूच्या यादीत घातलं. त्याच कामात सीलिएकच्या रुग्णांमध्ये रिओव्हायरसविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण जास्त असल्याचंही दिसलं. आता गंमत अशी, की रिओव्हायरस माणसाला सहसा आजारीच पाडत नाही. ना उलटी, ना जुलाब. घरात कुणाच्या लक्षातही राहणार नाही असा तो पाहुणा. घराच्या लक्षात राहिलेला आजार आणि आतड्यात खरं काम करून गेलेला आजार एकच असेल, असं धरून चालता येत नाही, ते यामुळे.

दुसरा पुरावा नॉर्वेतला, २०१९चा. जनुकीय धोका असलेल्या बाळांची विष्ठा महिन्यामागून महिने गोळा करून ठेवली होती. सीलिएक झालेली २५ मुलं आणि न झालेली त्यांच्या जोडीची मुलं यांचे एकूण २१३५ नमुने तपासले. ३७० नमुन्यांत एन्टेरोव्हायरस सापडला, आणि पुढे सीलिएक झालेल्या मुलांत, प्रतिपिंडं दिसायला लागण्याआधीच्या काळात, तो जास्त वेळा होता. अॅडिनोव्हायरसचा मात्र असा संबंध दिसला नाही. म्हणजे कुठलाही विषाणू चालतो असं नाही. पण ३७० नमुने म्हणजे जवळजवळ दर सहावा. हा विषाणू लहान मुलांच्या पोटात सर्रास येतो-जातो, आणि बहुसंख्य मुलांना त्याचं काही होत नाही.

तिसरा पुरावा टेडी या मोठ्या अभ्यासाचा. अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमधल्या जनुकीय धोक्याच्या हजारो मुलांना जन्मापासून वर्षानुवर्षं तपासलं गेलं. पोटाचा संसर्ग झाल्यानंतरच्या तीन महिन्यांत सीलिएकची प्रतिपिंडं दिसू लागण्याचा धोका ३३ टक्क्यांनी वाढलेला आढळला. वर्तमानपत्रात हा आकडा भयंकर दिसेल. पण त्याचा अर्थ शंभरातल्या ३३ मुलांना सीलिएक होतो असा नाही. आधी शंभरात तीन असतील तर आता चार, इतकाच. त्याच मुलांत नंतर असंही दिसलं की वय एक ते दोनच्या दरम्यानचे एन्टेरोव्हायरसचे संसर्ग आणि त्याच काळात पोटात जाणारं ग्लुटेन, दोन्ही मिळून धोका वाढवतात. रोटाव्हायरस लसीच्या जुन्या फिनिश चाचणीतली मुलं दहा-बारा वर्षांनी पुन्हा शोधली, तेव्हा लस मिळालेल्यांत सीलिएक जवळजवळ निम्मा निघाला.

मला विचाराल तर यातून एवढं निघतं: ज्या मुलात जनुकं आहेत, ज्याच्या पोटात गहू नुकता सुरू झालाय, त्याच्या बाबतीत योग्य वेळी आलेला विषाणू धक्का देऊ शकतो. शक्यता खरी आहे, एका संसर्गामागे धक्का लहान आहे, आणि एकेका मुलाच्या बाबतीत तो सिद्ध करता येत नाही.

या मुलीला हे लावून बघू. वय तेरा महिने, गहू सुरू होऊन काही महिने झालेले. वेळ जुळते. पण पुरातल्या जुलाबात विष्ठा तपासली नव्हती. तो विषाणू होता की दूषित पाण्यातला एखादा जिवाणू, हे आता कळायला मार्ग नाही. पूरग्रस्त गावात दोन्हींना दार उघडं असतं. प्रतिपिंडं पुराआधीच होती का, हेही कुणी मोजलेलं नाही. कदाचित सीलिएक तेव्हाच मूळ धरत होता, आणि म्हणूनच एरवी आठ दिवसांत निभावलं असतं ते दुखणं तिला जड गेलं. बाण उलट्या दिशेनेही काढता येतो.

आईला मी सांगितलं ते असं: “ताई, जुलाबाने थोडा हातभार लावला असेल. नसेलही. पण दोन दिवस आधी वर गेला असता तर हे टळलं असतं, असं म्हणायला काहीही आधार नाही. लसीचे डोस पूर्ण व्हायला हवे होते, ते जुलाबाने मूल दगावू नये म्हणून. सीलिएक टळेल या खात्रीने ती लस कुणी देत नाही.” तिला आणखी एक सल होता, सहाव्या महिन्यात बिस्किट चारल्याचा. तो काढणं सोपं गेलं. २०१४मध्ये युरोपातल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं, की गहू चौथ्या, सहाव्या किंवा बाराव्या महिन्यात सुरू केल्याने एकूण आजाराचं प्रमाण बदलत नाही.

तीन वर्षं कुठे गेली, हा प्रश्न मात्र विषाणूवर ढकलता येत नाही. पुराची गोष्ट कदाचित खरी होती, आणि तीच आडवी आली. ‘सुरुवात जुलाबाने झाली’ याचा अर्थ सगळ्यांनी ‘आजार म्हणजे जुलाबच’ असा घेतला. त्यात सीलिएक म्हणजे पंजाब-हरियाणाकडचा आजार, हा समज. तो अगदी निराधारही नाही. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या पाहणीत उत्तरेत १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत सीलिएक आढळला. जनुकांचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखंच होतं. फरक होता गव्हाचा: उत्तरेत माणशी रोज ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. आपण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतो, आणि कृष्णाकाठ गेल्या दोन पिढ्यांत भाकरीकडून चपातीकडे सरकला आहे. जत आणि पलूस यांच्यातलं अंतर या मुलीच्या वजनात दिसत होतं.

जुलाब दोन-तीन आठवड्यांच्या वर रेंगाळले, वजन थांबलं आणि लोह लागू पडेना, तर सुरुवात पुरात झाली की जत्रेत, टीटीजी आणि आयजीए पाठवायला हवं. वर्षभराच्या टॉनिकच्या खर्चापुढे ही तपासणी महाग नाही.

गहू घरातून काढणं

उपचार एकच, गहू आणि जव कायमचे बंद. आमच्या भागात हे दिल्लीपेक्षा सोपं आहे, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ घरातच असतात. आजींना तर आनंदच झाला. “म्हंजे आमचंच जेवान की!” पण खाचखळगे चिक्कार.

पहिला खपली गव्हाचा. आमच्या नदीकाठी खपली पिकतो, ‘पचायला हलका’ म्हणून त्याचं नाव आहे, आणि मुलीच्या चुलत्यांनी दुसऱ्याच आठवड्यात दहा किलो आणून टाकला. खपलीतही ग्लुटेन असतं. हलका असेल, चविष्ट असेल, या मुलीला तो इतर गव्हाइतकाच वर्ज्य.

दुसरा गिरणीचा. ज्वारी घरची, पण गावातल्या गिरणीत आधी गव्हाचं दळण पडलेलं असतं आणि जात्यात त्याचं पीठ राहतं. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, यावरून हिशोब किती बारीक आहे ते कळतं. शेवटी घरगुती छोटी गिरण हप्त्यावर घेतली, तिच्यात गहू घालायचाच नाही या अटीवर. मधले काही आठवडे गिरणीवाल्याला सांगून, आधी दोन किलो तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढून, मग ज्वारी.

तिसरा डब्यांचा. बाजारच्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. मेतकुटात गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीत कुणाकडे असतो, कुणाकडे नसतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव. हे सगळे डबे आईने एका दुपारी ओट्यावर मांडून फोटो पाठवले आणि एकेकाबद्दल विचारलं. पदार्थांची छापील यादी देऊन जे झालं नसतं ते त्या फोटोने झालं. सत्यनारायणाचा शिरा हा वेगळा वाद. प्रसाद नाकारायचा कसा? गावातल्या भटजींनी वरीच्या तांदळाचा शिरा चालेल असं सांगितलं आणि तो मिटला. अंगणवाडीताईंनी लापशीच्या दिवशी तिला घरचा डबा खाऊ द्यायचं कबूल केलं.

किरकिर पंधरा दिवसांतच कमी झाली. सहा महिन्यांनी वजन १३.६ किलो, हिमोग्लोबिन १०.८, तेही त्याच जुन्या सिरपवर. उंची सावकाश येते. टीटीजी ९०वर उतरलं होतं. ते नॉर्मलला यायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. मधे एकदा संडास बिघडली, तेव्हा चौकशीत शाळकरी भावाच्या दप्तरातला बिस्किटपुडा निघाला.

सीलिएकच्या रुग्णाच्या आई-वडील-भावंडांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांत हा आजार सापडतो, म्हणून घरच्यांचीही तपासणी करायची असते. ती द्राक्षाची छाटणी, मग दिवाळी, मग लग्नसराई असं करत लांबली. वडील आणि भाऊ नॉर्मल. भावाची दोन-तीन वर्षांनी पुन्हा करायची, कारण प्रतिपिंडं नंतरही येऊ शकतात. आईची टीटीजी ४१ आली. तिचं हिमोग्लोबिन गेली कित्येक वर्षं नऊच्या पुढे गेलं नव्हतं आणि दोन्ही बाळंतपणांच्या नावावर खपत होतं. ती वाढली जतला, भाकरीवर. रोजची चपाती लग्नानंतरची. तिच्या आयुष्यात ना पुरातला जुलाब, ना सलाईन. आजी आता ‘पुरात लागलं’ म्हणायचं थांबवून ‘आईकडनं आलं’ म्हणू लागल्या आहेत. हेही अर्धंच आहे, कारण जनुकं वडिलांकडूनही आलेली असू शकतात, आणि सुनेच्या कानावर ते पडायला नको, एवढं मी त्यांना बजावलं.

आईचं निदान अजून अडलेलं आहे. प्रौढांत ४१ या आकड्यावर भागत नाही, दुर्बीण लागते. आणि वेगळा स्वयंपाक कुणी करायचा म्हणून मुलीबरोबर तिनेही सहा महिन्यांपूर्वीच चपाती सोडली आहे. तपासणी खरी यायची तर आता तिला सहा ते आठ आठवडे रोज दोन चपात्या खायला हव्यात. ती म्हणते, हळद निघाल्यावर बघू.